मुरूड गावची सभा आणि आपण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पाककृती लिहून द्यावी तर ती दर वर्षी कोणीतरी देतेच. पण गेल्या वर्षी आपली सहल दापोलीस गेली आणि त्यानंतर वाचनालयातून आणलेली दोन पुस्तके वाचली, त्यातून मनात एक गोष्ट घर करून बसली आहे. ती इतिहासातली आहे, म्हणून ती लिहावी असे ठरविले. लिहिण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

सहलीला आलेल्या भगिनींना आठवत असेल, दापोलीपासून जवळच मुरूड म्हणून गाव आहे. जंजिऱ्याचे मुरूड ते वेगळे. हे रत्नागिरी जिल्ह्यातले. समोर समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंस कौलारू घरे आणि दुर्गादेवीचे देऊळ. आपण देवळाच्या पायरीवर बसून डबे उघडले होते. तेव्हा आपल्यातलीच एक भगिनी म्हणाली, "किती शांत गाव हो! इथे कुणाला दुःख म्हणून नसेलच." आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गावात महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचा अर्धपुतळा आहे, त्यालाही आपण नमस्कार केला, फोटो काढले आणि गाडीत बसलो.

घरी आल्यावर अण्णासाहेबांचे 'आत्मवृत्त' वाचावयास घेतले. आणि मग कळले, की ज्या गावात आपण त्यांच्या पुतळ्याला नमस्कार केला, त्याच गावाने एके काळी सभा भरवून त्यांना वाळीत टाकले होते.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. मला वाटले, गाव दुष्ट असेल. पण पुढे वाचत गेले तसे दिसले, की गाव मुळीच दुष्ट नव्हते. आणि तेच मला आज सांगावयाचे आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे आजोळी झाला, पण बाळपण सारे मुरूडास गेले. घरची गरिबी होती, पण गाव जीव लावणारे होते. गावातल्या सोमण गुरुजींनी या मुलास शिकविले आणि सार्वजनिक कामाची गोडी लावली. १८७५ साली सहाव्या इयत्तेची परीक्षा देण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरूडाहून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल पायी गेला. पावसात, कुंभार्ली घाट चढून गेला. आणि तेथे परीक्षेच्या साहेबांनी 'हा सतरा वर्षांचा दिसत नाही' म्हणून त्याला बसूच दिले नाही! ही हकीकत आपण शाळेच्या पुस्तकात वाचली आहेच. तशा स्थितीत शिकून हा मुलगा पुढे मुंबईस गेला, पदवी घेतली आणि १८९१ साली पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. मुंबईस असताना १८८६ साली त्यांनी 'मुरूड फंड' काढला. नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतून थोडे थोडे काढून गावाच्या उपयोगासाठी साठवावे, अशी ती योजना. म्हणजे गावाचे याच्यावर प्रेम होते आणि याचेही गावावर होते.

१८९१ सालीच अण्णासाहेबांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मागे लहान मुलगा रघुनाथ. अण्णासाहेबांचे वय तेहतीस. आता पुढे काय, हे त्या काळी कोणास विचारावे लागत नसे. तेहतीस वर्षांच्या बिजवराने दहा-बारा वर्षांची मुलगी पाहावयाची आणि लग्न करावयाचे. तसे त्यांनी केले असते तर गावाने अक्षता टाकल्या असत्या, जेवणावळी झाल्या असत्या आणि कोणी एक अक्षर बोलले नसते. ती मुलगी मुलाच्या वयाची आहे, हे कोणाच्या डोळ्यांस दिसले नसते.

अण्णासाहेबांनी तसे केले नाही. लग्न करीन तर विधवेशी, असे त्यांनी सांगितले. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई. देवरुखाकडची. तिचे आठव्या वर्षी लग्न झाले होते आणि काही महिन्यांतच नवरा गेला. त्या वयात तिला नवरा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. पुढची कित्येक वर्षे सासरी राबण्यात गेली. मग भावाने मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन काढले, त्यात शिकावयास आलेली पहिली विधवा हीच गोदूबाई. पुढे सदन पुण्यास गेले, तेव्हा तीही गेली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास अण्णासाहेबांचा आणि तिचा विवाह झाला. तिचे नाव आनंदीबाई ठेविले. सगळे त्यांना बाया म्हणत. त्यांनी सांगितलेली आपली हकीकत 'माझे पुराण' या नावाने छापलेली आहे. मी वाचलेले दुसरे पुस्तक ते. भगिनींनी ते जरूर वाचावे. आपल्याच घरातली कोणी वडीलधारी बाई ओट्यापाशी उभी राहून बोलते आहे, असे वाटते.

आता हा विवाह काही कायद्याविरुद्ध नव्हता. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झालेला होता. म्हणजे कायदा होऊन सदतीस वर्षे लोटली होती. शिवाय आपल्याकडील पुष्कळशा जातींत पाट, मोहतूर अशी रीत पूर्वीपासून होतीच. प्रश्न होता तो ब्राह्मणांत आणि त्यांचे पाहून तसे वागू लागलेल्या घरांत.

बातमी मुरूडास पोचली. गावकऱ्यांची सभा भरली. कर्व्यांना वाळीत टाकावे, त्यांच्याशी कोणी बसण्या-उठण्याचा व्यवहार ठेवू नये आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर त्या घरावरही बहिष्कार घालावा, असे ठरले. ज्या मुलाने गावासाठी फंड काढला, त्यास गावात पाऊल टाकणे कठीण झाले. घरी म्हातारी आई, भाऊ, बहीण. त्यांनी काय करावे? मुलाला दारात उभे करावे तर विहिरीवर, देवळात, लग्नामुंजीत त्यांचे येणे-जाणे बंद. 'गाव करी ते राव न करी' अशी म्हण आहे. ती आपण गावाचे मोठेपण सांगताना म्हणतो. पण ती दुसऱ्या बाजूनेही खरी आहे, हे मला हे वाचताना कळले. सरकारने विवाह कायदेशीर ठरविला, आणि गावाने एका बैठकीत तो गुन्हा ठरविला.

मला प्रश्न पडला, की त्या सभेत बसलेल्या माणसांच्या घरी विधवा नव्हत्या काय? असणारच. पटकी, देवी, ताप यांनी माणसे पटापट जात. मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. तेव्हा घरोघर एखादी तरी आलवणातली बाई असे. कोणाची बहीण, कोणाची सून, कोणाची आत्या. तिचे केस काढलेले, एक वेळ जेवण, अंगावर तांबडे आलवण. पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक तिने करावयाचा, सर्वांची बाळंतपणे तिने काढावयाची, पापड-लोणची तिने घालावयाची; आणि घरात मंगलकार्य निघाले की तिने मागच्या खोलीत बसावयाचे. कोणी बाहेर निघताना ती समोर आली तर अपशकुन. अशा सभेला आलेला माणूस घरून निघताना तिच्याच हातचे जेवून निघालेला असेल! आणि सभेत बसून त्याने हात वर केला असेल, की आमच्या गावात असला अनाचार चालणार नाही.

म्हणजे गावाला विधवेचे दुःख दिसत नव्हते असे नाही. ते रोज ताटात वाढले जात होते. पण ते दुःख आहे असे कोणी म्हटले नाही, तोवर गाव चांगले होते. अण्णासाहेबांनी फार काही वेगळे केले नाही. जे सर्वांच्या घरात होते ते त्यांनी आपल्या वागण्याने उघड्यावर आणले. गावाला राग आला तो त्याचा. दुखणे दाखवणारा माणूसच दुखणे घेऊन आला, असे गावास वाटले.

कोणी म्हणेल, हे एका मुरूडाचेच. पण तसे नव्हे. पुण्यासारख्या विद्येच्या शहरात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. नावातच सर्व काही आले. फसलेल्या विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मुलास मारू नये, यासाठी ते होते. आणि १८७५ साली असेच गृह कोठे निघाले ठाऊक आहे का? पंढरपुरास. तेथे न्यायखात्यात अधिकारी असलेले लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थनासमाजाच्या मदतीने ते काढले. साक्षात विठोबाच्या गावी! यात्रेच्या निमित्ताने कोठून कोठून मुली आणल्या जात असतील, याचा विचार करून पाहावा. त्या मुलींची गावे, घरे, सारी चांगलीच म्हणवली जात असतील. घरी परत गेल्यावर 'वारी छान झाली' असेच सांगितले गेले असेल.

पाप करणारा पुरुष कोण, हे मात्र कोठेच नोंदलेले नसे. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, प्रथम फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नावाने बोटे मोडणे सुरू झाले. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना राहवले नाही. त्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले आणि पुरुषांना रोखठोक विचारले, की सगळे दोष बायकांच्याच अंगी कसे? त्या काही कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. हे वाचून मला लिहिण्याचा धीर आला, हे कबूल केले पाहिजे.

मुरूडच्या ठरावाने अण्णासाहेब कडवट झाले नाहीत. त्याच १८९३ सालच्या ३१ डिसेंबरला त्यांनी वर्ध्यास विधवाविवाहोत्तेजक मंडळ स्थापिले. १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास दिलेल्या सहा एकर जागेवर झोपडी बांधून आश्रम तेथे नेला. दिवसभर कॉलेजात शिकवावयाचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतून शाळा काढण्यासाठी मंडळ काढले. ज्या खेड्याने हाकलले, त्या खेड्यांसाठीच!

पण एक गोष्ट मला टोचली, तीही सांगते. आश्रम चालावयाचा तर लोकांची वर्गणी हवी, आणि आईबापांनी विश्वासाने मुली पाठवावयास हव्यात. तेथे पुनर्विवाहाची शिकवण दिली जाते अशी शंका आली तर कोणी मुलगी पाठवीना. म्हणून अण्णासाहेबांनी आश्रमाचे काम आणि विधवाविवाहाचे काम वेगळे ठेवले, आणि बाया पुनर्विवाहित म्हणून त्यांना आश्रमापासून दूर राहावे लागले. विधवांसाठी काढलेल्या घरात, जिच्या लग्नामुळे हे सारे सुरू झाले, तिलाच जागा नाही! बाया मुळूमुळू रडणाऱ्या नव्हत्या. आश्रमासाठी त्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या हिंगण्यास शिकल्या आणि आश्रमाच्या निधीसाठी पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. पण बायांच्या मनाला जे लागले ते लागलेच. अण्णासाहेबांसारख्या माणसालाही समाजाची मर्जी राखण्यासाठी आपली बायको मागे ठेवावी लागली, तेथे तुमची-आमची काय कथा? हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. गावाची भीती किती खोल जाते, ते दिसावे म्हणून लिहिते.

पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ १८८२ साली मुरूडासच जन्मला होता. तेच रघुनाथराव कर्वे पुढे संततिनियमनाचे प्रचारक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईस त्यासाठी केंद्र काढले. या विषयावर लिहिल्या-बोलल्यामुळे १९२५ साली त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. घरोघरच्या बायका दहा-दहा बाळंतपणांनी झिजत होत्या, हे कोणाला अश्लील वाटले नाही. ते बोलून दाखविणे अश्लील ठरले. बापाचे जे झाले, तेच मुलाचे झाले.

आणि शेवटी काय? १९५८ साली अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी एकशेचार वर्षांचे होऊन ते गेले. मुरूडात आता त्यांचा पुतळा आहे आणि गावास त्यांचा अभिमान आहे. ही फार चांगली गोष्ट आहे. पण पुतळ्याला नमस्कार करणे सोपे असते. तो आता आपल्या घरचे काही उघडे करीत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट.

हे सारे वाचून झाल्यावर मी एके दिवशी गहू निवडताना सासूबाईंना विचारले, "आई, आपल्या घरात कोणी अशा होत्या का हो?" त्या लगेच म्हणाल्या, "छे! आपल्या घरात तसले काही नव्हते. आपले घर सुधारलेले." मी गप्प बसले. मग त्यांना वेळ मिळेल तसा 'माझे पुराण'मधला थोडा थोडा भाग वाचून दाखवू लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या आपणहूनच म्हणाल्या, "एक आत्या होत्या."

त्या माझ्या आजेसासऱ्यांची बहीण. सासूबाई लग्न होऊन आल्या १९७४ साली, तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. नवव्या वर्षी विधवा होऊन परत आलेल्या, तेव्हापासून याच घरात. सासूबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच रात्री जागविल्या. बाळाला अंघोळ घालणे, धुरी देणे, सारे त्यांनी केले. आणि बारशाच्या दिवशी त्या सकाळपासून मागच्या पडवीत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मला बोलवावेसे वाटले होते. पण नवी सून मी. कोण काय म्हणेल, म्हणून नाही बोलावले. दुसऱ्या बाळंतपणातही नाही बोलावले. तेव्हा तर मी नवी नव्हते." असे म्हणून त्यांनी सुपातले गहू उगीच दोनदा पाखडले.

मी विचारले, "त्यांचे नाव काय होते?" सासूबाईंनी पुष्कळ आठवून पाहिले. त्यांना सगळे 'सोवळ्या आत्या' म्हणत. नाव कोणाला ठाऊक नाही. आमच्या घरात साठ वर्षांच्या वर राहिलेल्या बाईचे नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. फोटोंच्या पेटीत लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे सारे फोटो आहेत. त्या एकातही नाहीत. कशा असतील? प्रत्येक फोटोच्या वेळी त्या पडवीत होत्या. म्हणून तर आमच्या घरात 'तसले काही नव्हते.'

मला वाटते, गावाचे चांगले नाव असेच तयार होते. कोणी खोटे बोलत नाही. फक्त जिच्यामुळे फोटो बिघडेल तिला बाजूला बसवितात, आणि मग फोटोच खरा धरून चालतात.

भगिनींनो, ही जुनी गोष्ट झाली असे म्हणून मला थांबता आले असते. पण स्मरणिका आपलीच आहे, तेव्हा आपलेच थोडे बोलते.

मागल्या संक्रांतीला आपल्या मंडळाचे हळदीकुंकू झाले. सजावट सुंदर होती, वाणही चांगले होते. आपल्या गल्लीतल्या एका वहिनींचे यजमान २०२१ सालच्या साथीत गेले. त्याआधी दर वर्षी तिळगुळाचे सारे काम त्यांच्याकडे असे. त्यांच्यासारखा पाक कोणाला जमत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. यंदाही त्यांनी तिळाच्या वड्या करून दिल्या. डबा मुलीच्या हाती पाठविला. तो डबा दारात मीच घेतला. वड्या सर्वांनी वाखाणल्या. कोणीतरी विचारलेही, "त्या नाही आल्या?" तेव्हा उत्तर दिले गेले, "त्यांनाच आता आवडत नाही गर्दीत." हे उत्तर देणारी दुसरी कोणी नव्हे, मीच. मी त्यांना विचारलेले नव्हते. आपल्यापैकी कोणीच विचारलेले नव्हते. आपल्या मंडळाच्या घटनेत, विधवांनी हळदीकुंकवास येऊ नये, असे कोठेही लिहिलेले नाही. मी मुद्दाम पाहिले. मुरूडास निदान सभा तरी भरली होती. आपल्याला सभाही भरवावी लागली नाही.

कोणी म्हणेल, या गोष्टी बोलून मंडळाच्या चांगल्या कामाला गालबोट कशाला? आपल्या मंडळाने शिवणवर्ग चालविले, मुलींना वह्या दिल्या, हे खरेच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असेही म्हणतात. पण ती मूठ कोणाच्या तरी गळ्यावर असेल तर ती उघडावीच लागेल.

आणि उघडली म्हणजे गावाचे नाव जाते असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. २०२२ सालच्या मे महिन्यात त्या गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही त्यांचे अनुकरण करावे असे सांगितले. त्या गावाला असा ठराव करावा लागला, याचा अर्थ त्या प्रथा तेथे होत्या, हे त्यांनी चारचौघांत मान्य केले. मुरूडच्या १८९३ च्या सभेत आणि हेरवाडच्या २०२२ च्या सभेत मला एवढाच फरक दिसतो. एका गावाने सांगितले, आमच्यात असले काही चालणार नाही. दुसऱ्याने सांगितले, आमच्यात हे चालत आले आहे, ते आता पुरे. आणि आज आपण हेरवाडचे नाव कौतुकाने घेतो, ते खोटे सांगितले म्हणून नव्हे.

वाळीत टाकण्याविरुद्धही आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. म्हणजे मुरूडच्या त्या सभेनंतर सव्वाशे वर्षे होत आली, तरी असा कायदा करण्याची गरज होती. पण कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत, पडवीपर्यंत, तो येऊ शकत नाही. तेथवर आपणच जावे लागते.

तेव्हा माझी एक सूचना आहे. पुढच्या संक्रांतीला बोलावणे करताना आपल्यापैकी दोघी-तिघींनी त्या वहिनींच्या घरी जावे. निरोप पाठवू नये, स्वतः जावे. अशा आपल्या पेठेत आणखीही आहेत, प्रत्येकीकडे जावे. त्यांना यावयाचे नसेल तर तसे त्या सांगतील. ते त्यांचे त्यांनी ठरवावे, आपण नव्हे. आल्या तर हळदीकुंकू, फूल, वाण, सारे सर्वांसारखेच द्यावे. वार्षिक सभेत तसा ठराव मांडण्याची माझी इच्छा आहे. अनुमोदन कोण देते ते पाहू. सासूबाईंनी 'मी देते' म्हटले आहे. त्या पंचवीस वर्षे मंडळाच्या सभासद आहेत आणि आजवर एकाही सभेत बोललेल्या नाहीत.

मी अजून त्या वहिनींकडे गेलेले नाही. हे लिहून झाले की जाणार आहे. त्यांचा तिळगुळाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत देऊ नये म्हणतात, म्हणून त्यात काय घालावे एवढाच विचार चालला आहे.



— एक सभासद भगिनी